श्रीपाद आणि मिहिंतले: सहा दिवसांच्या श्रीलंका यात्रेची आखणी

श्रीलंकेचा नकाशा समोर घेतला की देश मुठीत मावेल एवढा वाटतो. उत्तर टोकापासून दक्षिण टोकापर्यंतचे अंतर साधारण ४३० किलोमीटर आहे, आणि तेवढ्यावरून पहिल्यांदा जाणारा माणूस सहा दिवसांत दहा-बारा ठिकाणे बसवून टाकतो. मीही पहिल्या खेपेला तेच केले होते. तो हिशेब कागदावर जमतो आणि चौथ्या दिवशी पायांवर फसतो, कारण तिकडच्या प्रत्येक पवित्र डोंगराला शेकड्यांनी किंवा हजारांनी पायऱ्या आहेत आणि प्रत्येक मोठ्या मंदिरात पूजेच्या वेळा ठरलेल्या आहेत. म्हणून या यात्रेची आखणी किलोमीटर पाहून न करता पायऱ्या आणि पूजेच्या वेळा पाहून करावी, एवढेच सुरुवातीला सांगतो. पुढे दिलेला बेत पाच रात्रींचा आहे. त्यात मिहिंतले आणि श्रीपाद हे दोन डोंगर, आणि अनुराधपूर, दांबुल्ला व कँडी ही तीन पूजास्थाने येतात. सिगिरिया मुद्दाम गाळले आहे. तो राजा कश्यपाचा किल्ला-महाल आहे, देखणा आहे. पण त्याच्या बाराशे पायऱ्या ज्या पायांनी चढायच्या, तेच पाय दोन दिवसांनी श्रीपादासाठी लागणार आहेत.

महिना आणि तिथी

श्रीपादाचा यात्राकाळ डिसेंबरमधल्या उंदुवप पौर्णिमेपासून मे महिन्यातल्या वेसाक पौर्णिमेपर्यंत असतो. या काळात पायऱ्यांवर रात्रभर दिवे असतात, चहाची दुकाने उघडी असतात आणि शिखरावरच्या मंदिरात पूजा चालू असते. वेसाकनंतर समन या डोंगराच्या रक्षक देवाची मूर्ती आणि पूजेचे साहित्य पेल्मडुल्ल गावच्या विहारात नेतात आणि पुढच्या उंदुवपला समारंभाने पुन्हा वर आणतात. मधल्या महिन्यांत डोंगर कोणी बंद करत नाही, पण तेव्हा वाट काळोखी असते, नैर्ऋत्य मोसमी पाऊस झोडपत असतो आणि पायऱ्यांवरून पाण्याचे लोट येतात. नवख्याने त्या काळात जाऊ नये.

यात्राकाळातही मला फेब्रुवारी सर्वांत सोयीचा वाटतो. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडच्या अनुराधपूर भागात ईशान्य मोसमी पाऊस होऊ शकतो, तर एप्रिलमध्ये सिंहली नववर्षाच्या सुट्टीमुळे सगळीकडे गर्दी उसळते.

तिथी पाहणे महिन्याइतकेच महत्त्वाचे आहे. श्रीलंकेत प्रत्येक पौर्णिमेला, म्हणजे पोयाला, सार्वजनिक सुट्टी असते. त्या दिवशी मद्यविक्री बंद असते आणि लोक शुभ्र कपड्यांत विहारात जाऊन शील पाळतात. आपल्या घरच्या दिनदर्शिकेवरची पौर्णिमा हाच साधारण तिकडचा पोया असतो. कधी एखाद्या दिवसाचा फरक पडतो, म्हणून श्रीलंकेची सुट्ट्यांची यादी एकदा पडताळावी. पोयाच्या किंवा शनिवार-रविवारच्या रात्री श्रीपादावर इतकी गर्दी असते की अखेरच्या टप्प्यात माणूस एका पायरीवर दहा-दहा मिनिटे उभा राहतो आणि सूर्योदय रांगेतच होतो. याउलट पोयाची संध्याकाळ अनुराधपुरात अनुभवण्यासारखी असते. शक्य असेल तर पोयाच्या दिवशी अनुराधपुरात पोचावे आणि तीन रात्रींनंतर, मधल्या वारी, श्रीपाद चढावा. तीन दिवसांनी चंद्र रात्री उशिरा उगवतो आणि पहाटे दोन-तीन वाजता नेमका डोक्यावर असतो, हा त्यातला आणखी एक फायदा.

निघण्यापूर्वीची कामे

मुंबईहून कोलंबोला थेट विमानाने साधारण अडीच तास लागतात, आणि तिकडची वेळ आपलीच असल्यामुळे घड्याळ बदलावे लागत नाही. प्रवेशपरवान्याचे नियम आणि शुल्क गेल्या काही वर्षांत अनेकदा बदलले आहेत, त्यामुळे मित्राने दोन वर्षांपूर्वी काय केले यावर विसंबू नये. तिकिटे काढण्याआधी श्रीलंका सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावर पाहूनच अर्ज करावा. त्याच्यासारखी दिसणारी, जास्त पैसे घेणारी मध्यस्थांची संकेतस्थळे पुष्कळ आहेत.

नोव्हेंबर २०२५ मध्ये दित्वा चक्रीवादळाने मध्य श्रीलंकेच्या डोंगराळ भागात मोठ्या दरडी कोसळल्या आणि डोंगरी रेल्वेमार्गाची हानी झाली. म्हणून कँडी ते हॅटन हा प्रवास रेल्वेने करायचा असेल, तर गाडी चालू आहे की नाही हे निघण्याच्या आठवड्यातच पाहावे आणि रस्त्याचा पर्याय मनात ठेवावा. तीन-चार जण असतील तर सर्व दिवसांसाठी चालकासह गाडी ठरवणे सोयीचे पडते. एकट्या-दुकट्याला बस आणि रेल्वे पुरतात, फक्त प्रत्येक टप्प्यात तासाभराची मोकळीक ठेवावी लागते. चालकाला पहिल्याच दिवशी नम्रपणे सांगावे की मसाल्यांचे मळे आणि रत्नांची दुकाने पाहायची नाहीत. दांबुल्ला-कँडी रस्त्यावर मातले परिसरात असे मळे ओळीने आहेत आणि प्रत्येकात पाऊण तास सहज जातो.

सामानात पांढरे किंवा फिके सुती कपडे असावेत, ज्यांनी खांदे आणि गुडघे पूर्ण झाकले जातील. स्त्रियांना सलवार-कमीज उत्तम. पायांत सहज निघणाऱ्या चपला आणि सोबत जाड मोज्यांचे दोन जोड घ्यावेत. विहाराच्या आवारात पादत्राणे चालत नाहीत, आणि दुपारी बाराच्या उन्हात तापलेल्या दगडी फरशीवर अनवाणी चालताना भलेभले नाचू लागतात. मोजे घातलेले कोणाला खटकत नाहीत. श्रीपादासाठी मात्र घट्ट बसणारे बूट, वारा अडवणारे जाकीट, कानटोपी आणि कपाळावर लावायची विजेरी लागते. गुडघ्यांची तक्रार असणाऱ्यांनी एक काठी जरूर न्यावी.

विहारातील वागणूक

हा भाग वाचून सोडून देऊ नये, कारण श्रीलंकेत या गोष्टींकडे कायदाही लक्ष देतो. बुद्धमूर्तीकडे पाठ करून छायाचित्र काढणे हा तिथे अनादर समजला जातो. २०१४ साली दंडावर बुद्धाचे चित्र गोंदवलेल्या एका ब्रिटिश महिलेला विमानतळावर अटक होऊन परत पाठवण्यात आले होते. असे गोंदण असेल तर ते पूर्ण झाकावे, आणि बुद्धाचे चित्र छापलेला सदरा घालून जाऊ नये. डोक्यावरची टोपी प्रवेशद्वारातच काढावी. भिक्खूंना काही द्यायचे झाल्यास दोन्ही हातांनी द्यावे; स्त्रियांनी त्यांच्या हाताला स्पर्श होणार नाही असे बेताने ठेवावे. सिंहली लोक भिक्खूंना ‘हामुदुरुवो’ म्हणून संबोधतात. आपण ‘भन्ते’ म्हटले तरी ते समजते.

पूजेसाठी बाहेर फुलांचे ताट मिळते. त्यात बहुधा कमळे, निळी मानेल फुले किंवा आपला पांढरा चाफा असतो. फुले वाहण्यापूर्वी त्यांचा वास घ्यायचा नाही, हा नियम आपल्याकडच्यासारखाच आहे. कमळाच्या पाकळ्या एकेक करून बाहेरच्या बाजूला दुमडून फूल उघडण्याची तिकडे रीत आहे. ताटवाल्या बाई विचारल्यास शिकवतात, आणि पहिले फूल हमखास फाटते.

मराठी बौद्ध वाचकाला इथे एक गोष्ट फार जवळची वाटेल. संध्याकाळी विहारात जमलेली माणसे त्रिसरण आणि पंचशील म्हणू लागली की आपल्यालाही ती पाठ असतात, कारण पाली तीच आहे. ‘पाणातिपाता वेरमणी सिक्खापदं समादियामि’ म्हणताना उच्चारांची धाटणी थोडी निराळी ऐकू येते, पण शेजारची आजी आपला आवाज ऐकून चमकून पाहते आणि मग सरकून जागा देते. भाषेची अडचण तिथे निम्मी संपते.

पहिला दिवस: अनुराधपूर

कटुनायके विमानतळावर सकाळी उतरल्यास कोलंबो शहरात न शिरता थेट उत्तरेकडे निघावे. गाडीने अनुराधपूर साधारण चार तासांवर आहे. मुक्कामावर सामान टाकून, उन्हे कलल्यावर, साडेचारच्या सुमारास जय श्री महाबोधीकडे जावे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात थेरी संघमित्रा यांनी बोधगयेच्या बोधिवृक्षाची फांदी आणून इथे लावली, अशी ही परंपरा आहे. वृक्ष उंच ओट्यावर, सोनेरी टेकूंच्या आधाराने उभा आहे आणि त्याची मूळ फांदी अंगाने अगदी बारीक आहे. भोवतालचे मोठे पिंपळ पाहून पुष्कळांचा गैरसमज होतो, म्हणून कोणाला तरी विचारून नेमकी फांदी पाहावी. तिथून दगडी रस्त्याने पंधरा मिनिटे चालले की रुवनवेलिसाय हा दुट्ठगामणी राजाने उभारलेला शुभ्र स्तूप येतो. दिवेलागणीला तिथे प्रदक्षिणा घालून रात्री लवकर झोपावे.

दुसरा दिवस: मिहिंतले, मग दांबुल्ला

मिहिंतले अनुराधपूरपासून पूर्वेला सुमारे बारा किलोमीटरवर आहे. सकाळी साडेसहाला पायथ्याशी असावे. सम्राट अशोकाचे पुत्र थेर महिंद आणि राजा देवानंपिय तिस्स यांची भेट याच डोंगरावर, जेट्ठ महिन्याच्या पौर्णिमेला झाली आणि तिथून लंकेत बुद्धधम्म रुजला, असे महावंस हा लंकेचा प्राचीन पाली इतिहासग्रंथ सांगतो. त्याच ग्रंथात, त्याच धर्मप्रसाराच्या मोहिमेत, अपरांतात योनक धम्मरक्खित आणि महारट्ठात महाधम्मरक्खित यांना पाठवल्याची नोंद आहे. अपरांत म्हणजे आपली कोकणपट्टी, आणि नालासोपाऱ्याला अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे सापडलेले आहेत. मिहिंतलेच्या पायऱ्या चढताना हे आठवले की आपण परक्या देशात आलो आहोत असे फारसे वाटत नाही.

पायऱ्या १,८४० सांगतात. त्या रुंद, बुटक्या आणि दोन्ही बाजूंच्या चाफ्यांच्या सावलीत आहेत, त्यामुळे चढ कळत नाही. गुडघेदुखी असलेल्यांसाठी जुना गाडीरस्ता वरच्या आवारापर्यंत जातो आणि निम्म्याहून अधिक पायऱ्या वाचवतो. मधल्या टप्प्यावर प्राचीन भोजनशाळेचे अवशेष आहेत, तिथे थांबावे. हजारो भिक्खूंसाठी भात ओतायची लांबलचक दगडी डोणी आजही तिथे आहे. पायथ्याशी जुन्या रुग्णालयाच्या अवशेषांत माणसाच्या आकाराची कोरलेली दुसरी डोणी दिसते; रोग्याला तिच्यात झोपवून औषधी तेलात वा काढ्यात बुडवून ठेवत.

वर अंबस्थल स्तूपापाशी पादत्राणे ठेवावी लागतात. ‘अंबस्थल’ म्हणजे आंब्याची जागा. महिंदांनी राजाची समज जोखण्यासाठी विचारले, हे झाड कोणते? राजा म्हणाला, आंबा. याशिवाय दुसरे आंबे आहेत का? पुष्कळ आहेत. हा आंबा आणि ते आंबे सोडून आणखी झाडे आहेत का? आहेत, पण ती आंब्याची नाहीत. ते आंबे आणि ती झाडे सोडून आणखी एखादे झाड? तेव्हा राजा म्हणाला, हाच आंबा. पुढचा उपदेश त्यानंतर झाला. गटात मुले असतील तर ही गोष्ट त्याच जागी उभे राहून सांगावी. उत्तर देताना मोठ्यांचीच धांदल उडते.

अंबस्थलाच्या शेजारी आराधना गल हा उघडा खडक आहे. खडकात खोदलेल्या उथळ खोबणी आणि लोखंडी कठडा धरून वर जावे लागते. वारा जोरात असतो आणि नऊनंतर खडक तापू लागतो, म्हणून आधी हा खडक आणि मग महासेय स्तूप असा क्रम ठेवावा. उंचीची भीती वाटणाऱ्याने खालूनच नमस्कार करावा, कारण उतरताना अर्ध्यात अडकलेल्या माणसामुळे वरच्या सगळ्यांची कोंडी होते.

साडेदहाला डोंगर उतरून, जेवून, दुपारी तीनच्या सुमारास दांबुल्ल्याला पोचावे. तिकीट खालीच घेऊन ठेवावे. आम्ही भर उन्हात कातळ चढून वर गेलो आणि दारावरच्या माणसाने शांतपणे खालचे तिकीटघर दाखवले. त्या दिवशी दांबुल्ला आम्ही दोनदा चढलो. माकडे हातातली पिशवी ओढतात, म्हणून फळे आणि फुले झाकून न्यावीत. वर पाच लेणी आहेत. पहिल्यात सुमारे चौदा मीटर लांबीची, त्याच खडकातून कोरलेली निजलेली बुद्धमूर्ती आहे, आणि दुसरे महाराज लेणे सर्वांत मोठे आहे. त्याच्या छतातून ठिबकणारे पाणी एका भांड्यात साठवतात आणि पूजेला वापरतात. अजिंठ्याच्या सव्विसाव्या लेण्यातील महापरिनिर्वाण पाहिलेल्या माणसाला इथली रचना ओळखीची वाटेल. फरक असा की अजिंठा आता पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातील स्मारक आहे, आणि इथे इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातल्या वळगंबा राजापासून आजतागायत दिवा लागतो आहे. म्हणून इथे आवाज खाली ठेवावा आणि लेण्यात बसून ध्यान करणाऱ्यांच्या समोरून जाऊ नये. मुक्काम दांबुल्ल्यालाच करावा.

सार्क देशांच्या नागरिकांना काही स्मारकांच्या तिकिटात सवलत मिळते, पण त्यासाठी पासपोर्ट दाखवावा लागतो. तो मुक्कामाच्या तिजोरीत ठेवून निघू नये.

तिसरा दिवस: कँडी

दांबुल्ला ते कँडी हा प्रवास अडीच तासांचा आहे. या दिवशी काही चढायचे नाही, आणि ते तसेच राहू द्यावे. कँडीत येण्याचे कारण एकच, श्री दळदा मालिगाव, म्हणजे बुद्धाच्या दंतधातूचे मंदिर. कलिंगाची राजकन्या हेममाला हिने चौथ्या शतकात हा दात केसांत लपवून लंकेत आणला, अशी परंपरा आहे. पुढे ज्या राजाकडे दंतधातू त्याचेच राज्य खरे, असा संकेत रूढ झाला, आणि म्हणून राजधानीबरोबर दातही फिरत राहिला. १९९८ सालच्या बाँबस्फोटानंतर प्रवेशद्वारावर झडती होते. मोठी पिशवी नेली तर वेळ जातो.

दिवसातून तीन वेळा, पहाटे साडेपाच, सकाळी साडेनऊ आणि संध्याकाळी साडेसहाला पूजा होते. सणावारी वेळा बदलू शकतात, म्हणून दारावर विचारून घ्यावे. नवख्याने संध्याकाळची पूजा धरावी आणि पाऊण तास आधी आत असावे. खालच्या दालनात पांढऱ्या धोतरावर लाल पट्टे बांधलेले वादक ढोल आणि शहनाईसारखी होरणेव वाजवू लागतात, आणि त्याच वेळी वरच्या मजल्यावर दर्शनाची रांग लागते. ढोल पाहत खाली थांबलेला माणूस रांगेत मागे पडतो. मी तरी आधी वर जाऊन रांग धरतो; ढोल तिथेही ऐकू येतात. दर्शन दोन-तीन सेकंदांचे असते. दिसते ते सोन्याचे स्तूपाकार करंडक. दात स्वतः दिसत नाही, हे मुलांना आधीच सांगून ठेवावे. बुधवारी सकाळच्या पूजेनंतर नानुमुर मंगल्य हा अभिषेकविधी होतो आणि त्यातले सुगंधी पाणी भाविकांना देतात.

मे १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर जागतिक बौद्ध परिषदेसाठी याच शहरात आले होते. धर्मांतराच्या सहा वर्षे आधीचा हा प्रवास आहे, आणि महाराष्ट्रातून जाणारे अनेक गट कँडीला मुक्काम करतात त्याचे हेही एक कारण आहे.

शाकाहारी लोकांसाठी एक सूचना. भात, इंदिआप्पा (तांदळाच्या शेवया) आणि किरिबत (नारळाच्या दुधातला भात) हे खावे, पण खोबऱ्याच्या पोल संबोलमध्ये बहुधा उंबलकड, म्हणजे वाळवलेल्या माशाचा चुरा असतो. आमच्यासोबतच्या एका काकूंनी ती चटणी दोन दिवस आवडीने खाल्ली, तिसऱ्या दिवशी रीत विचारली आणि मग कोलंबोपर्यंत कोणाशी बोलल्या नाहीत. ‘मालु एपा’, म्हणजे मासे नकोत, एवढे दोन शब्द पाठ करून ठेवावेत.

चौथा दिवस आणि पाचवी पहाट: श्रीपाद

कँडीहून सकाळी निघून हॅटनमार्गे, मस्केलियाचा जलाशय उजवी-डावीकडे टाकत, दुपारी पायथ्याच्या नल्लतन्निया गावी पोचावे. रेल्वेने आल्यास हॅटन स्थानकाबाहेरून यात्राकाळात बस मिळते. चहाच्या मळ्यांच्या वर एक निमुळता सुळका दिसतो, तोच श्रीपाद. त्याची उंची २,२४३ मीटर आहे. शिखरावरच्या पाऊलखुणेला बौद्ध बुद्धाचे, हिंदू शिवाचे आणि मुसलमान व ख्रिस्ती आदमचे पाऊल मानतात, आणि चौघेही त्याच पायऱ्यांनी चढतात. रत्नपुराकडून येणाऱ्या वाटा अधिक लांब आणि खडतर आहेत. नवख्याला नल्लतन्नियाचीच वाट योग्य.

दुपारी हलके जेवून, सामान बांधून, संध्याकाळी सातला झोपावे. झोप लागली नाही तरी पडून राहावे. चढ सुमारे एक हजार मीटरचा आणि पायऱ्या साडेपाच हजारांच्या आसपास आहेत. कळसूबाई चढलेल्या माणसाला उंचीची भीती बाळगण्याचे कारण नाही. पण तिथे मुरुमाची वाट पायाला हवी तशी घेता येते, इथे पायरीची उंची दुसऱ्याने ठरवलेली असते आणि तीही प्रत्येक पायरीची वेगळी. बेताने चालणाऱ्याला तीन ते चार तास लागतात. सूर्योदय फेब्रुवारीत साडेसहाच्या आगेमागे होतो, म्हणून मधल्या वारी दोन वाजता निघणे बरोबर ठरते. आम्ही उत्साहाने बाराला निघालो आणि साडेतीनलाच शिखरावर जाऊन बसलो. वर तापमान दहा अंशांखाली, वारा अंगातून आरपार, बसायची जागा ओली फरशी, आणि चहा खाली राहिलेला. त्या तीन तासांपेक्षा चढ सोपा होता. लवकर पोचण्याची लक्षणे दिसली तर शिखराखालच्या शेवटच्या दुकानात आले घातलेला कोरा चहा घेऊन तिथेच थांबावे.

पायथ्याशी कधी कधी मनगटाला पिरितचा, म्हणजे रक्षणासाठी म्हटलेल्या सुत्तपाठाचा, पांढरा दोरा बांधून देणगीची वही पुढे करतात. आधीच्या पानांवरचे मोठे आकडे पाहून बुजू नये; आपल्या मनाला येईल ते द्यावे. पुढे मकरतोरण लागते, आणि काही अंतरावर पांढरा शांतिस्तूप. तो निप्पोनझान म्योहोजी या जपानी संघाचा आहे. वर्ध्याचा विश्वशांती स्तूपही त्याच परंपरेतला. सीत गंगुल या ओढ्यावर यात्रेकरू हात-पाय धुतात, कोणी कुडकुडत स्नानही करतात. गेत्तंपान या जागी, बुद्धाने चीवर शिवायला जिथे थांबल्याची आख्यायिका आहे तिथे, सुई-दोरा वाहतात आणि दोरा कठड्याला लावत वर नेतात. त्यामुळे पुढे कितीतरी अंतर दोन्ही कठडे पांढऱ्या सुताने मढलेले दिसतात. तो दोरा तोडू नये, अंधारात हाताला अडकला तर सोडवून घ्यावा.

यात्रेकरू ‘नडे’ करून, म्हणजे घोळक्याने, जाणत्या म्होरक्याच्या मागे चालतात. उतरणारे लोक चढणाऱ्यांना ‘करुणावै’ म्हणतात. वारीत अनोळखी माणसाला ‘माउली’ म्हणून वाट देतात, तशीच ही हाक आहे, आणि तिला तेच उत्तर द्यायचे असते. माझ्या पुढे एकदा सत्तरीची एक आजी नातवाच्या खांद्यावर हात ठेवून चढत होती. दर वीस पायऱ्यांनी ती थांबायची, खालून येणाऱ्याला हात करून आधी जाऊ द्यायची. मी तिला तीनदा मागे टाकले आणि शिखरावर पोचलो तेव्हा ती दिव्याला तेल घालत होती. चालण्याची हीच पद्धत नवख्यानेही धरावी: वेग एकच, थांबणे थोडे आणि वारंवार, बसणे जवळजवळ नाहीच. शेवटचा अर्धा तास पायऱ्या अगदी उभ्या होतात; तिथे कठडा सोडू नये.

शिखराच्या आवारात बूट काढावे लागतात. तेव्हा जाड मोजे हाताशी असावेत, आणि बूट पिशवीत घालून जवळच ठेवावेत. पदचिन्हाचे दर्शन रांगेने होते, छायाचित्र काढू देत नाहीत. बाहेरची घंटा आपण जितक्यांदा हा डोंगर चढलो तितक्यांदा वाजवायची असते. पहिल्यांदा आलेल्याने एकच टोल द्यावा. कोणी बारा, कोणी वीस देतो आणि आजूबाजूचे लोक मोजतात.

सूर्य उगवताच सगळे पूर्वेकडे पाहत ‘साधु, साधु’ म्हणतात आणि ढोल वाजतात. ते पाहून झाले की लगेच वळून पश्चिमेच्या कठड्यापाशी जावे. तिकडे ढगांवर डोंगराची सावली पडलेली असते, आणि सुळका वेडावाकडा असूनही सावली मात्र रेखीव त्रिकोणी दिसते. ती दहा-पंधरा मिनिटांत आखडत जाऊन नाहीशी होते, आणि पूर्वेकडेच छायाचित्रे काढत बसलेल्यांच्या हातून ती सुटते.

उतरणे हाच या डोंगराचा अवघड भाग आहे. गुडघ्यांवर दणका बसतो, पोटऱ्या थरथरतात. पाय किंचित तिरका टाकून, काठी खालच्या पायरीवर आधी टेकवून उतरावे आणि तीन तास धरून चालावे. हा सारा डोंगर संरक्षित वन आहे, म्हणून प्लॅस्टिकचा एकही कागद मागे ठेवू नये. पिशवी खाली आणूनच टाकावी. दहा-साडेदहाला नल्लतन्नियाला न्याहारी करून, कितुल्गल आणि अविस्सावेल्ल या मार्गाने पाच-सहा तासांत कोलंबोला पोचता येते. खोली पहिल्या मजल्याच्या वर घेऊ नये, किंवा उद्वाहक असल्याची खात्री करून घ्यावी.

सहावा दिवस: कोलंबो

विमान दुपारनंतरचे असेल तर सकाळ मोकळी मिळते. कोलंबोच्या माळिगाकंद भागात विद्योदय परिवेण ही १८७३ साली हिक्कडुवे श्री सुमंगल महाथेरांनी स्थापन केलेली विद्यापीठिका आहे. सुमंगल हे श्रीपादाचेही प्रमुख थेर होते. गोव्यातल्या साखवाळ गावचे धर्मानंद कोसंबी १९०२ साली बुद्धधर्म शिकण्याच्या ध्यासाने कोलंबोला पोचले आणि याच परिवेणात सुमंगलांच्या हाताखाली त्यांनी पालीचा अभ्यास केला. इथे तिकीट नाही, गर्दीही नसते. दारापाशी चपला काढाव्यात, समोर दिसेल त्या भिक्खूंना कोठून आलो ते सांगावे आणि परवानगी घेऊन आवार पाहावे. पायऱ्या मोजक्याच आहेत, तरी त्या दिवशी त्या उतरताना कठडा धरावाच लागतो. तिथून विमानतळ तासाभरावर आहे. वाहतुकीची कोंडी लक्षात घेऊन उड्डाणाच्या चार तास आधी निघावे.